वस्ताद, तबेला आणि आमचे मामा

मी देवळालीचा आहे असं सांगितलं की समोरचा माणूस हटकून विचारतो, "कॅम्पात का?" नाही हो. कॅम्प नाशिकच्या देवळालीला. तिथं तोफखाना आहे, आणि तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघून बघून डोकं फिरलेल्या गोऱ्या शिपायांमुळे इंग्रजी भाषेला 'डूलॅली' असा एक शब्दही मिळाला आहे. आमची देवळाली प्रवरा. तालुका राहुरी, जिल्हा तेव्हा अहमदनगर, आता अहिल्यानगर. आमच्याकडे तोफा नाहीत, ऊस आहे. इंग्रजीला आम्ही एकही शब्द दिलेला नाही. पण म्हणून डोकं फिरण्याच्या बाबतीत आम्ही मागं होतो असं कुणी समजू नये. आमच्या वेडाला फक्त कुस्ती म्हणत.

यात्रेत हलगी कडाडायला लागली की गावातली चूल आणि दुकान दोन्ही बंद. ढेकळं फोडून, पाणी मारून भुसभुशीत केलेल्या मातीभोवती माणसांचं कडं पडायचं. आधी रेवड्यांच्या कुस्त्या. ही पोरं सात-आठ वर्षांची. जिंकलं तरी रेवड्या, हरलं तरी रेवड्या, त्यामुळे निकालाबद्दल उभयपक्षी समाधान. मग नारळाच्या, मग पाच रुपयांच्या, दहाच्या, आणि दिवस कलला की शेवटची मोठी. पंच म्हणून गावातली वजनदार माणसं. 'वजनदार' हा शब्द दोन्ही अर्थांनी घ्यावा.

ह्या सबंध प्रकारात खलनायक नावाचा इसम नव्हता, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. आमच्याकडे पैलवानांचे दोनच प्रकार: आपला आणि परगावचा. परगावचा वाईट असायचा तो फक्त कुस्ती सुटेपर्यंत. सुटली की त्याच्याही डोक्याला फेटा बांधून त्याला जेवायला घरी नेत.

आमचे थोरले मामा 'आपल्या'पैकी. पहाटे चारला उठून जोर आणि बैठका, मग दुधाची चरवी तोंडाला लावली की तळ दिसल्याशिवाय खाली ठेवायची नाही. आजी म्हणायची, "म्हैस ह्याच्यासाठी आन् शेण माझ्यासाठी." मामा आखाड्यात उतरले की त्यांचे कपडे सांभाळत बसण्याचा मान माझा. पुढच्या आयुष्यात पुष्कळ मान मिळाले. सदरा, धोतर आणि चांदीचा ताईत मांडीवर घेऊन बसण्याचा तो मान काही परत मिळाला नाही.

1963 सालच्या यात्रेतली शेवटची कुस्ती मामांची होती. समोर प्रवरेपलीकडचा एक पोरगा, एकोणीस वर्षांचा, मिसरूड नुकतं कुठं फुटलेलं. मामांनी शड्डू ठोकला. पोरानं ठोकला. सलामी झाली, आणि हलगीवाल्यानं ताल धरायच्या आत पोरगा खाली बसला, मामांचा एक पाय त्याच्या काखेत गेला, आणि मामा उताणे. 'अस्मान दाखवणे' हा वाक्प्रचार आम्हाला पुढं चौथीत आला. मी तो आधीच पाहिला होता. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. गाव सुन्न.

संध्याकाळपर्यंत गावाला कारण सापडलं. मामांनी पैसे खाल्ले. दिवेलागणीला तो आकडा पन्नास होता, रात्री भजन सुटताना शंभर झाला, आणि आठवडी बाजारापर्यंत पाचशे रुपये आणि एक गाभण गाय इथवर गेला. मामांनी 'हो' म्हटलं नाही की 'नाही' म्हटलं नाही. नुसते मिशीत हसले. त्यातच पुढच्या महिन्यात त्यांनी हप्त्यावर सायकल घेतली, मग तर विषयच संपला. ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात. त्या दिवसापासून मामांच्या पाठीमागं त्यांचं नाव 'नुरा' पडलं. मामा परत आखाड्यात उतरले नाहीत.

आता, कुस्ती विकत घेता येते ही अक्कल आमच्या गावाला आली कुठून? ती मुंबईहून आली.

त्याचं असं झालं. पूर्वी पैलवानाला राजा पोसत असे. आपल्याकडे ह्या बाबतीत राजर्षी शाहू महाराजांच्या पुढं कुणी नाही. 1902 साली ते युरोपात जाऊन आले, आणि 1912 साली कोल्हापुरात खासबागेचं मैदान उभं राहिलं: मधे माती, भोवती चढत जाणाऱ्या पायऱ्या, कुठंही बसा, कुस्ती दिसणारच. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमी गजबजल्या. प्रत्येक तालमीला एक वस्ताद. वस्तादाचं काम पोरांना घडवण्याचं, आणि सगळे डाव शिकवून एक स्वतःपाशी राखून ठेवण्याचं. 1949 साली कोल्हापूर संस्थान विलीन झालं. राजा गेला, पैलवान राहिला, आणि त्याची भूकही राहिली. बदाम काही लोकशाही आली म्हणून स्वस्त झाले नाहीत. मग तिकीट आलं. आणि तिकीट आलं की तिकीट विकणारा येतो.

हा तिकीट विकणारा गृहस्थ काय काय करू शकतो ह्याचा एक मासला 1954 सालचा आहे. हमीदा बानू नावाची पैलवान बाई तेव्हा गाजत होती. जो मला हरवील त्याच्याशी लग्न करीन, असं तिनं जाहीर केलं होतं. बडोद्याला बाबा पैलवानाला तिनं 1 मिनिट 34 सेकंदांत लोळवलं. आपल्या महाराष्ट्रानं मात्र तिचं स्वागत फारसं प्रेमानं केलं नाही. पुण्यात तिची कुस्ती रद्द करावी लागली, आणि कोल्हापुरात एका पुरुष पैलवानाला हरवल्यावर लोकांनी हुर्यो करून दगड मारले. बंदीची तक्रार घेऊन ती मोरारजी देसाईंकडं गेली. मोरारजीभाई तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. त्यांचं उत्तर असं, की बाई म्हणून बंदी नाही. कुस्त्या भरवणारे लोक तुमच्यासमोर बुजगावणी उभी करतात अशा तक्रारी आहेत. म्हणजे दगड बाईला, आणि डाव भरवणाऱ्याचा! हा गृहस्थ कधी मातीत उतरत नाही, त्यामुळे त्याच्या पाठीला माती लागत नाही.

वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममधे फ्रीस्टाइलचे सामने होऊ लागले. एका बाजूला दारासिंग. 1954 सालचा रुस्तुम-ए-हिंद; देखणा, सज्जन, आईला नमस्कार करून आल्यासारखा चेहरा. दुसऱ्या बाजूला किंगकाँग. मूळ नाव एमिल झाया, जातीचा हंगेरियन, वजन चारशे पौंडांच्या आसपास, चेहऱ्यावर दाढीचं जंगल. 1960 च्या सुमारास मामा ट्रकमधे बसून मुंबईला गेले आणि हा सामना पाहून आले. परत आल्यावर आठ दिवस ते पारावर सांगत होते. आश्चर्य म्हणजे दारासिंगाबद्दल त्यांनी दोन वाक्यांपलीकडं काही सांगितलं नाही. बाकीचं सगळं किंगकाँगचं. तो लोकांवर दात कसा विचकला, पंचाच्या पाठीमागं केस कसे ओढले, पब्लिकनं कशा शिव्या घातल्या! "दारासिंगाला टाळ्या व्हत्या," मामा म्हणाले, "पर तिकिटं किंगकाँगनं खपिवली."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. पुढं 29 मे 1968 रोजी मुंबईतच दारासिंगानं अमेरिकेच्या लू थेझला हरवून जगज्जेतेपद घेतलं, तेव्हा गावानं पेढे वाटले. 1970 साली सिंगापुरात मोटार अपघातानंतर किंगकाँग वारला, तेव्हा कुणी काही वाटलं नाही. मामा मात्र त्या दिवशी जेवले नाहीत.

मधे पुष्कळ वर्षं गेली. केबल आली. आमच्या चिरंजीवांच्या हातात पाटी-पेन्सिलीच्या जागी अमेरिकन पैलवानांच्या पत्त्यांचा जोड आला: उंची, वजन, छाती, दंड. शाळेतली गणितं चुकत. दंडाचे इंच चुकत नसत. 1994 च्या दिवाळीत आम्ही देवळालीला गेलो, तर चिरंजीवांनी हट्ट करून एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्यानं आणवला, आणि पुण्याहून आणलेल्या जुन्या सामन्यांच्या कॅसेटी लावल्या. मामा साठीला टेकलेले. भिंतीला टेकून, पानाचं तबक पुढ्यात घेऊन बसले. "ह्या कुस्त्या न्हाईत, लेझीम हाय," असं त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत जाहीर केलं.

आणि मग पडद्यावर एक पिवळ्या केसांचा, चमकीचा कोट घातलेला मध्यम अंगाचा माणूस आला. डोंगराएवढ्या पैलवानाच्या मागं लपून तो लोकांना वेडावत होता. मामांनी सुपारी कातरायची थांबवली.

"ह्यो कोन?"

"तो बॉबी हीनन, आजोबा. तो कुस्ती खेळत नाही. तो मॅनेजर आहे. चीटिंग करतो."

"बाकीचे बैल हायेत," मामा म्हणाले. "मालक ह्यो."

मामांची पारख इतकी अचूक निघाली, की पुढं मी ह्या माणसाचा इतिहास हौसेनं गोळा केला. रेमंड लुई हीनन, जन्म 1 नोव्हेंबर 1944, शिकागो. शाळा आठवीत सुटली. पैलवानांच्या बॅगा उचलायच्या, सामन्यांच्या जागी खाण्यापिण्याच्या वस्तू विकायच्या, अशी सुरुवात. 1965 साली तो मॅनेजर म्हणून उभा राहिला. ह्या धंद्याची मेख अशी, की निकाल आधी ठरलेला असतो. पण राग ठरवता येत नाही, तो पैदा करावा लागतो. मोठमोठ्या पैलवानांना ताकद असते, वाचा नसते. त्यांच्या वतीनं बोलायला, पंचाचं लक्ष उडवायला, नायकाचा पाय ओढायला आणि शेवटी पळून जायला एक माणूस लागतो. तो पळून गेला की पुढच्या महिन्याचं तिकीट खपतं. कारण आज नाही तर पुढच्या वेळी त्याला मार बसेल, ह्या आशेवर प्रेक्षक जगत असतो. आमच्या साखर कारखान्यांच्या निवडणुकांवर माणसं जगतात, तशातलंच हे.

अशा मॅनेजरच्या ताब्यातल्या पैलवानांच्या जथ्याला इंग्रजीत 'स्टेबल' म्हणतात. म्हणजे तबेला. आपण तालीम म्हणतो, ते तबेला म्हणतात. दोन संस्कृतींमधला फरक सांगायला आणखी ग्रंथ नकोत. हीननला मात्र तबेला हा शब्द पसंत नसावा. तो म्हणायचा, कुटुंब. 'हीनन फॅमिली'. ह्या कुटुंबाचा पहिला कर्ता मुलगा निक बॉकविंकल. 8 नोव्हेंबर 1975 रोजी त्यानं व्हर्न गान्याला हरवलं, आणि गान्याकडं सात वर्षं असलेलं अजिंक्यपद कुटुंबात आलं. लोक हीननला 'वीझल' म्हणून ओरडायचे. वीझल म्हणजे मुंगसाच्या चालीचं एक चोरटं जनावर. पुढं त्यावर पैजाच लागू लागल्या: हरेल त्याला त्या जनावराचा पोशाख चढवायचा. तो अर्थातच हीननच्या मापाचा शिवलेला असे.

1984 साली तो न्यूयॉर्ककडच्या मोठ्या कंपनीत गेला आणि कुटुंब नव्यानं वाढवलं. पहिला बिग जॉन स्टड. ह्या स्टडला उचलून आपटणाऱ्याला 15,000 डॉलर असं बक्षीस लावलेलं. 31 मार्च 1985 रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधे फ्रान्सच्या आंद्रे द जायंटनं त्याला उचलून आपटलं, आणि नोटांची थैली घेऊन तो लोकांत नोटा उधळू लागला. हीननला ते बघवेना. त्यानं मागून येऊन थैली हिसकली आणि धूम ठोकली. हे दृश्य कॅसेटवर आलं, तेव्हा मामा मांडीवर थाप मारून म्हणाले, "यात्रा कमिटीचा खजिनदार!"

मग किंगकाँग बंडी. होय, किंगकाँगच! नावाप्रमाणं अंगात काळी बंडी, टक्कल, आणि खाली पडलेल्या माणसावर तीन ऐवजी पाच आकडे मोजा असा पंचाला दम. आणि मग ज्यानं थैली उधळली होती, तो आंद्रे स्वतःच 1987 साली हीननच्या मागं उभा राहिला. आमच्या जिल्ह्यात पॅनल बदलणं ही नवलाची गोष्ट नाही, पण अमेरिकेत पोरं रडली म्हणतात. 29 मार्च 1987 रोजी पाँटियाकच्या सिल्व्हरडोममधे, कंपनीनं सांगितलेल्या 93,173 प्रेक्षकांसमोर, हल्क होगननं आंद्रेला उचलून आपटलं. आंद्रेची पाठ तेव्हा कामातून गेली होती. नुकतीच शस्त्रक्रिया झालेली. तो स्वखुशीनं उचलू देत होता म्हणूनच उचलला गेला. नंतर हीननच्या कथेप्रमाणं त्यानं आंद्रेला एका श्रीमंताला विकलं. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरतात, ते तेवढं केलं नाही.

गंमत अशी, की एवढा खटाटोप करून ह्या नव्या कंपनीत कुटुंबाला पहिलं विजेतेपद मिळालं 1989 साली. रिक रूड नावाच्या मिशाळ गड्यानं ते घेतलं, आणि तेही हीननं खालून प्रतिस्पर्ध्याचा पाय धरून ठेवला म्हणून. पाच वर्षं ही तालीम प्रामुख्यानं हरण्यासाठी चालली होती. दोन वर्षांत हीननं ती मोडली आणि तो नुसता समालोचन करू लागला. शेजारी गोरिला मॉन्सून नावाचा निवृत्त पैलवान. दोघं पडद्यावर भांडायचे आणि खरे जिवलग होते. 1999 साली मॉन्सून गेला. 2002 साली हीननला घशाचा कॅन्सर निघाला. ज्या जिभेवर सगळं कुटुंब पोसलं, तिची बोली गेली. 2004 साली त्याचा सत्कार झाला, तेव्हा ह्या दुष्ट माणसाला आठवण झाली ती मॉन्सूनची. तो इथं हवा होता, म्हणाला. 17 सप्टेंबर 2017 रोजी हीनन वारला.

पण हे सगळं मागाहूनचं. मी 1994 च्या त्या रात्रीकडं परत येतो. पडद्यावर हीननला मार बसत होता. तो दोरावरून उलटा झाला, हवेत पाय झाडले आणि बदकन् पडला. चिरंजीव हसून लोळले. मामा मात्र गंभीरपणे बघत होते.

"पडतो कसा बघ," ते म्हणाले. "आसं पडायला शिकायचं म्हंजी धा वर्सं लागत्यात. ह्यो आसा पडतो म्हनून त्यो पिवळ्या मिशीवाला मोठा दिसतो."

आणि वीज गेली. आमच्याकडची वीज भाड्याच्या व्हीसीआरची वाटच बघत असते. चिरंजीव तिथंच झोपले. अंधारात अडकित्त्याचा आवाज तेवढा येत होता. मग तोही थांबला.

"भाचेराव, मी पैसं खाल्लं नव्हतं."

एकतीस वर्षांनी हे वाक्य आलं. मी म्हणालो, "मग?"

"त्या पोरानं पाडलं. एकेरी पट काढला आन् पाडलं. मला कळलंच न्हाई."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? गाव नुरा म्हणत होतं तुम्हाला."

"म्हनत व्हतं. पर त्याच्या पुढं काय म्हनत व्हतं ठावं हाय? 'पैसं खाल्लं, न्हाईतर त्यो काय कुनाला ऐकनार व्हता!' ते ऐकाया बरं वाटायचं." थोडा वेळ ते गप्प राहिले. "चोर म्हना, पर दुबळा म्हनू नका. आसं झालं बघ."

मला हसू आलं आणि ते अंधारात जिरवावं लागलं. सायकलीचे हप्ते फेडणारे, लाच न खाल्लेले, पण खाल्ल्याच्या ऐटीत राहणारे मामा! तेवढ्यात ते म्हणाले, "ह्यो बाब्या हीनन हरतो आन् दुसऱ्याला मोठं करतो. मी हरून त्या पोराला ल्हान केलं. पैसं खाल्लं असतं तर परवाडलं असतं रं. मी त्याची कुस्ती खाल्ली."

पुढच्या चैत्रात, 1995 च्या यात्रेला, मी मुद्दाम रजा काढून गेलो. मामांनी पंच कमिटीकडून त्या पोराला बोलावणं धाडलं होतं. पोरगा पन्नाशीचा. पोट सुटलेलं, गुडघ्यावर हात ठेवून उठणारा. शेवटच्या कुस्तीच्या आधी मामांनी कर्ण्यावाल्याच्या हातातून माइक घेतला. मामा भाषणात कच्चे. "तिरसष्ट साली," ते म्हणाले, "ह्या पैलवानानं मला पाडलं. खरं पाडलं. कुनी एक पैसा दिला न्हवता." आणि माइक परत दिला.

गावावर वीज कोसळेल अशी माझी अपेक्षा. पण गाव पुढं गेलं होतं. निम्म्या लोकांना मामा कोण हेच माहीत नव्हतं. माझ्या मागं एका तरुणानं विचारलं, "ह्ये कोन? उमेदवार हाय का?" जुन्यापैकी एक म्हातारा मात्र उठून उभा राहिला आणि तेव्हा पैजेत गेलेले अडीच रुपये कुणाकडं मागायचे म्हणून विचारू लागला. त्याला खाली बसवलं. मामांनी त्या माणसाच्या डोक्याला स्वतःच्या हातानं फेटा बांधला. हात थरथरत होते, फेटा वाकडा बसला.

"मला ठावं व्हतं की," तो माणूस हसून म्हणाला. "मीच पाडलं व्हतं न्हवं?"

लोक हसले. मामाही हसले. हलगी सुरू झाली.

यात्रा उलगताना मी त्याला एस. टी.पर्यंत पोचवायला गेलो. राहुरी फॅक्टरीच्या थांब्यावर, नगर-मनमाड रस्त्याकडं बघत तो उभा होता. फेटा सारखा करून देऊ का, असं मी विचारलं. तो नको म्हणाला. मग थोड्या वेळानं, गाडीचे दिवे दिसायला लागल्यावर, आपण होऊन म्हणाला, "आमच्या म्हाताऱ्याला ठावं न्हवतं. त्यो मरेस्तवर म्हनायचा, पोरा, तुझी कुस्ती कुनीतरी इकत घेतली व्हती."

गाडीला गर्दी होती. उभ्यानंच जावं लागलं त्याला. तो वाकडा फेटा त्यानं घरी पोचेपर्यंत काढला नाही, असं पुढं कळलं.